चार ग्रॅमसाठी लॅमिंग्टन रोड

मुलांनो, सुट्टीत मुंबईला मामाकडे नाहीतर आत्याकडे गेलात, की तुम्हाला काय काय दाखवतात? राणीची बाग, म्हातारीचा बूट, गेटवे, चौपाटीवरची भेळ. जमलंच तर नेहरू तारांगण. २०२२ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची चिपळूणहून आमच्याकडे गोरेगावला आली, तेव्हा मीही अशीच एक यादी करून ठेवली होती. तिनं ती वाचली, नीट घडी घालून माझ्या हातात परत दिली आणि म्हणाली, "मामा, यातलं काही नको. मला लॅमिंग्टन रोडला ने."

नववीतल्या मुलीला लॅमिंग्टन रोड कशाला हवा? तर त्याचं असं आहे. चिपळूणच्या बाजारपेठेत माझ्या ताईचं डीटीपीचं छोटंसं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कुणाचा अर्ज टाइप करून दे, असली कामं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. दुकानातला कॉम्प्युटर उचलून माळ्यावर ठेवण्याइतकाही वेळ ताईला मिळाला नाही. पाणी ओसरल्यावर कॅबिनेट उघडलं, तर आतून नुसता चिखल. तेव्हापासून वर्षभर ती एका ओळखीच्यांच्या उसन्या लॅपटॉपवर कामं ओढत होती. पैपै जमवून तिनं शेवटी नव्या कॉम्प्युटरपुरते पैसे उभे केले. तयार कॉम्प्युटर त्यात बसत नव्हता. सुटे भाग आणून घरी जोडला, तर बसत होता. भाचीनं त्यासाठी दोनशे पानी वही भरून टिपणं काढली होती.

ताई फोनवर मला एवढंच म्हणाली, "तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची कामं सुरू होतात. त्याआधी मशीन दुकानात हवं. आणि सांभाळून रे बाबा, हे पैसे परत जमायचे नाहीत."

दिवाळीत लॅमिंग्टन रोडला जाऊन उपयोग नसतो. तिथले बरेच व्यापारी गुजराती आणि मारवाडी. पाडव्यानंतर त्यांची दुकानं बंद राहतात, ती लाभपंचमीचा मुहूर्त करून उघडतात. म्हणून आम्ही लाभपंचमीला, शनिवारी गेलो. प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी, एसएसडी, पॉवर सप्लाय, कॅबिनेट अशी खरेदी करून संध्याकाळी टॅक्सीनं घरी आलो. त्या फेरीचं वर्णन मी करत बसत नाही, कारण तिच्यात काही बिघडलं नाही. बिघडलं ते घरी आल्यावर.

खोकी दिवाणावर मांडून आम्ही दोघं जेवायला बसलो होतो. भाचीची मामी, म्हणजे आमची सौ., अतिशय टापटिपीची. तिनं एकेक खोकं उघडून बघितलं. प्रोसेसरच्या खोक्यात पंख्यासकट एक ॲल्युमिनियमची गोल चकती होती, तिच्या तळाला करड्या रंगाचं काहीतरी चिकट लागलेलं. "नवीन वस्तू आणि ही अशी घाणेरडी!" असं म्हणून तिनं ते ओल्या फडक्यानं लख्ख पुसून टाकलं आणि वर आम्हाला आणून दाखवलं.

भाचीच्या हातातला घास हातातच राहिला. "मामी, ती पेस्ट होती!"

आता ही पेस्ट म्हणजे काय, ते सांगायला हवं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, हे तुमच्या पुस्तकात असतं. हा मेंदू विलक्षण तापतो, हे मात्र पुस्तकात नसतं. आमचा प्रोसेसर ६५ वॅटचा होता. पूर्वीचा तारेचा साठ वॅटचा दिवा आठवतो ना? बाबांना विचारा, पेटता दिवा हातानं काढायला गेलं की काय व्हायचं. तेवढी उष्णता इथे अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यातून बाहेर पडते. तुकड्यावर साधारण चार सेंटिमीटर बाजूचं धातूचं झाकण असतं आणि झाकणावर बसतो कूलर. कूलर म्हणजे ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा आणि वर पंखा. झाकणातली उष्णता पात्यांत जायची आणि पंख्यानं ती हवेत उधळून द्यायची, असा सगळा मामला.

पण गंमत अशी, की धातूचे दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले, तरी ते एकमेकांना धड टेकतच नाहीत. डोळ्यांना आरशासारखं दिसतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली बघाल तर सह्याद्रीच. शिखराला शिखर टेकलेलं आणि मधल्या सगळ्या दऱ्यांत हवा. हवा ही उष्णतेची पक्की वैरीण. थंडीत आपण स्वेटर घालतो तो काय लोकर गरम असते म्हणून? लोकरीत अडकलेली हवा अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही म्हणून. आकड्यांतच सांगायचं, तर उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत तांब्याला सुमारे ४०० गुण, ॲल्युमिनियमला २३० च्या आसपास आणि हवेला ०.०२६! म्हणजे तांबं हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट सरस. या दऱ्यांतली हवा हाकलून तिथे दुसरं काहीतरी भरायचं, त्यासाठी ही पेस्ट. सिलिकॉनसारख्या चिकट द्रवात झिंक ऑक्साइड, ॲल्युमिनियम ऑक्साइड अशांची अतिशय बारीक पूड कालवलेली असते. तिला पाच ते आठ गुण मिळतात. हवेपेक्षा दोनतीनशे पट चांगली.

तर ती पुसली गेली. मामी बिचारी हिरमुसली. म्हणाली, "आपली टूथपेस्ट नाही का चालणार?" हसू नका. टूथपेस्ट थोडा वेळ चालतेसुद्धा! पण तिच्यात पाणी असतं. ते उडून गेलं की चार दिवसांत तिचा खडू होतो आणि दऱ्यांत पुन्हा हवा येऊन बसते. ताईच्या दुकानात दिवसाचे दहा तास चालणाऱ्या मशीनला ते कसं पुरणार?

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकानं बंद. म्हणून सोमवारी सकाळी आम्ही पुन्हा निघालो, या खेपेला चार ग्रॅम पेस्टसाठी. मामीनं पैसे पुढे केले, पण भाचीनं घेतले नाहीत. भाऊबीजेच्या ओवाळणीची पाचशेची नोट तिनं कंपासपेटीत जपून ठेवली होती, तीच घेतली.

ग्रँट रोडला फास्ट गाडी थांबत नाही. स्लो गाडीनं थांबत थांबत जावं लागतं. गोरेगाव ते ग्रँट रोड भाची वही मांडीवर घेऊन वाचत होती आणि मी खिडकीतून बघत होतो. स्टेशनच्या पूर्वेला उतरलं, की तेव्हा समोरच मेरवान होतं. १९१४ सालचं हे इराणी हॉटेल माव्याच्या केकसाठी प्रसिद्ध होतं. सकाळी लौकर गेलात तरच केक मिळायचा. आम्ही दहाला पोचलो. अर्थातच संपला होता. ब्रून मस्का आणि चहा घेतला. घाईच्या कामाला निघालो असलो, तरी ग्रँट रोडला उतरून तसंच पुढे जाणं मला बरं वाटत नाही.

तिथून पाच मिनिटं चाललं, की लॅमिंग्टन रोड. ऑपेरा हाऊसच्या बाजूनं मुंबई सेंट्रलकडे जाणारा हा रस्ता. १९०३ ते १९०७ या काळात लॉर्ड लॅमिंग्टन मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचं हे नाव. रस्त्याचं अधिकृत नाव केव्हाच बदललं, डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पोलीस ठाण्यावर 'डी. बी. मार्ग' असं लिहिलेलं दिसेल. पण टॅक्सीवाल्याला भडकमकर मार्ग म्हणालात, तर तो विचारणार, "म्हणजे लॅमिंग्टन रोडच ना?"

तुमच्या आजीआजोबांना या रस्त्याचं नाव काढून बघा. ते कॉम्प्युटरचं बोलणार नाहीत, सिनेमाचं बोलतील. मिनर्व्हा, नाझ, अप्सरा, स्वस्तिक अशी थिएटरं इथे ओळीनं होती. मिनर्व्हात १९७५ साली 'शोले' लागला तो पाच वर्षं उतरला नाही. आता मिनर्व्हाही नाही. सिनेमाच्या जोडीला इथे रेडिओचे सुटे भाग विकणारी दुकानंही होती. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, मग टेपरेकॉर्डर, टीव्ही, मग कॉम्प्युटर. माल बदलत गेला, बाजार तिथेच राहिला.

आणि काय बाजार आहे म्हणून सांगू! फुटपाथवर वायरींची भेंडोळी भाजीच्या जुड्यांसारखी रचलेली. त्याच्याशेजारी सोल्डरिंगच्या बंदुका, रिमोट, बॅटऱ्या, पंखे. एका टोपलीत नुसते स्क्रू. डोक्यावर चार चार मॉनिटरची खोकी घेतलेले हमाल "बाजू, बाजू" करत येतात आणि तुम्ही बाजूला व्हायच्या आत निघूनही जातात. दुकानं म्हणाल तर काही इतकी चिंचोळी, की गिऱ्हाईक आत आलं तर मालकानं बाहेर यावं. जिन्याखाली दुकान, जिन्यावर दुकान, माळ्यावर दुकान. जो तो विचारतो, "क्या चाहिये, बोलो ना!" त्या सगळ्यात माझी भाची वही छातीशी धरून, दोन वेण्या उडवत, जणू चिपळूणच्या भाजीबाजारात निघाल्यासारखी पुढे.

पहिल्या ठेल्यावर सोनेरी रंगाची पेस्ट होती. पुडीवर सोन्याची वीट छापलेली. किंमत तीस रुपये. तीस रुपयांत सोनं कुठून येणार? भाचीनं पुडीवर गुण किती लिहिलेत ते शोधलं. नव्हतेच. पुडी खाली ठेवली. दुसऱ्या दुकानात पांढरी पेस्ट होती, व्हिक्सच्या डबीएवढ्या डबीत. ही वाईट नसते बरं का. ॲम्प्लिफायरमधल्या ट्रान्झिस्टरला हीच लावतात. पण गुण एकाच्या जवळपास. आणखी एका दुकानात काचेमागे ठेवलेली छोटीशी सिरिंज दाखवून पोऱ्या म्हणाला, "ये लो, लिक्विड मेटल. सबसे बेस्ट." गुण किती? सत्तरच्या वर! माझा हात खिशाकडे गेला होता. भाचीनं बाही ओढली. "मामा, यात गॅलियम असतं. ते ॲल्युमिनियम खातं."

गॅलियम हा मोठा मजेदार धातू आहे. मेंडेलीव्हनं १८७१ साली आपल्या तक्त्यात त्याच्यासाठी जागा रिकामी सोडली आणि चारच वर्षांनी तो खरोखर सापडला. २९.८ अंशांना वितळतो, म्हणजे तुमच्या तळहातावर ठेवला तर पाणी पाणी. लिक्विड मेटलमध्ये त्यात इंडियम आणि कथील मिसळतात, मग तो एरवीही पातळच राहतो. पण ॲल्युमिनियमला लागला की त्याच्या कणाकणांमध्ये शिरून त्याला बिस्किटासारखं ठिसूळ करून टाकतो. शिवाय त्यातून वीज वाहते. एक थेंब मदरबोर्डवर सांडला की शॉर्ट सर्किट. आमचा कूलर तर अख्खा ॲल्युमिनियमचा. हात खिशातून रिकामाच बाहेर काढला.

शेवटी एका जुन्या पेढीवर आलो. गल्ल्यावर सत्तरीचे एक काका होते, जाड भिंगाचा चष्मा लावलेले. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तेच पुढे चालवलं म्हणाले. भाचीनं त्यांना सगळा इतिहास सांगितला, मामीच्या फडक्यासकट. काका पोटभर हसले. मग त्यांनी तीन सिरिंजा समोर ठेवल्या. एकीवर ४, दुसरीवर ८.५ आणि तिसरीवर १२ च्या वर गुण छापले होते. प्रत्येक सिरिंज चार ग्रॅमची.

"जास्त आकड्याची घेऊ का?" भाचीनं विचारलं.

"पैसे जास्त असतील तर घे," काका म्हणाले. "पण बेटा, हा आकडा ज्याचा तोच लिहितो. एकाची मोजायची रीत वेगळी, दुसऱ्याची वेगळी. आणि आठाची बारा केलीस, तरी या छोट्या प्रोसेसरला एक नाहीतर दोन डिग्रीचा फरक. जाड थर दिलास, तर त्याच्या किती पट नुकसान! चांगली पेस्ट तांब्याच्या पन्नासावा हिस्सापण नसते. म्हणून ती भरायची खड्ड्यात, रस्त्यावर नाही."

मला हे वाक्य इतकं पटलं, की मी आमच्या गोरेगावच्या रस्त्यांबद्दल काहीतरी बोलणार होतो, पण राहू दे.

"किती लावायची?" भाची वही उघडून तयार. "सगळीकडे वाटाण्याएवढी असं लिहिलंय. पण कुठला वाटाणा? ओला की सुका?"

काकांनी चष्मा वर केला. "आजवर कोणी विचारलं नव्हतं." थोडा विचार करून म्हणाले, "तुरीचा अख्खा दाणा बघितलायस? तेवढी. चारपाच मिलिमीटर. बरोबर मध्ये. बोटानं पसरायची नाही. कूलरच दाबून पसरवतो."

मधली, साडेआठवाली सिरिंज घेतली. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली घेतली. पाचशेच्या नोटेतून परत आलेली नाणी भाचीनं कंपासपेटीत टाकली.

घरी काकांचं म्हणणं खरं की खोटं, ते आम्ही आधी करून बघितलं. तुम्हीही करा, त्याला कॉम्प्युटर लागत नाही. स्टीलच्या डब्याचं सपाट झाकण घ्या, मध्ये टूथपेस्टचा तुरीएवढा ठिपका ठेवा आणि वरून जुन्या फोटोफ्रेमची काच सरळ दाबा. काचेच्या कडांना आधी चिकटपट्टी लावा हं. ठिपका गोल गोल पसरत जातो आणि जाताना हवा बाहेर ढकलत नेतो. आता दुसऱ्यांदा सुरीनं सगळीकडे फासून मग काच दाबा. डोशाला पडतात तशी भोकं दिसतील. ते हवेचे बुडबुडे. पेस्ट सगळीकडे असूनही हवा आतच कोंडलेली! हातानं अगदी एकसारखी फासता आली तर बिघडत नाही, पण मध्ये ठिपका ठेवणं केव्हाही सोपं.

मग मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून काम सुरू केलं. आमच्या प्रोसेसरच्या पोटाला १३३१ पिना होत्या, केसांच्या ब्रशासारख्या. एएम-४ नावाच्या सॉकेटचे प्रोसेसर असे असतात. नवीन प्रोसेसरांत पिना बहुधा सॉकेटात असतात. भाचीनं कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण जुळवून तो अलगद सोडला. मुळीच दाबावं लागलं नाही. तरफ खाली केली. झाकण अल्कोहोलनं पुसलं. सिरिंज उभी धरून तुरीचा दाणा ठेवला. आणि कूलर बसवायचं काम मी माझ्याकडे घेतलं, कारण स्क्रू पिळायला जोर लागतो आणि मी मामा!

चार कोपऱ्यांना चार स्क्रू. मी पहिला घेतला आणि गच्च पिळला. मग त्याच्या शेजारचा गच्च पिळला. भाची म्हणत होती, "मामा, समोरासमोरचे थोडे थोडे पिळ." मी म्हटलं, "होतंय गं." कॉटची पट्टी घट्ट करताना कोण समोरासमोर बघतं?

वायरी जोडल्या, बटण दाबलं, पंखा फिरला. टाळ्या वाजवल्या. मामीनं साखर वाटली. पडद्यावर बायोसचा तक्ता आला, त्यात एका कोपऱ्यात तापमान: ६८. मग ७४. मग ८१. काहीही काम करत नसताना! पंखा घोंघावायला लागला. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश. ८८ला भाचीनं बटण दाबून सगळं बंद केलं.

झालं होतं असं, की मी एका बाजूचे दोन स्क्रू आधी आवळल्यामुळे कूलर तिरका बसला होता. एक बाजू टेकलेली, दुसरी उचललेली. वाकड्या तव्यावर भाकरी एकीकडे करपते आणि दुसरीकडे कच्ची राहते ना, तसं. रात्र झाली होती. सकाळी काढून परत बसवू म्हणून झोपलो.

सकाळी सात वाजता भाची अंघोळीला गेली होती. मी म्हटलं, तेवढ्यात आपण कूलर काढून ठेवू. स्क्रू सोडले आणि कूलर धरून सरळ वर उचलला. जरा अडल्यासारखा वाटला, म्हणून झटका दिला. निघाला. उलटा करून बघतो, तर प्रोसेसर कूलरलाच चिकटून वर आलेला! सॉकेट बंद, तरफ खाली आणि सॉकेट रिकामं. ज्या बाजूला कूलर घट्ट दाबला होता, तिथे रात्रभर गार होऊन पेस्टनं पकड घेतली होती. एका कोपऱ्यातल्या पिनांची अख्खी रांग पावसात आडवी झालेल्या भातासारखी लवली होती.

मुलांनो, मला खरंच घाम फुटला. सगळ्या खरेदीत महाग वस्तू तीच. वाकलेल्या पिनांना वॉरंटी नसते. ताईचा आवाज कानात वाजत होता, पैसे परत जमायचे नाहीत.

भाची टॉवेलनं केस पुसत आली. बघितलं. मला वाटलं रडेल. डोळ्यांत पाणी आलंही. मला ओरडली असती, तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मामा, थंड असताना सरळ ओढायचा नव्हता. आधी थोडा वेळ चालू करून पेस्ट कोमट होऊ द्यायची, बंद करून वायर काढायची, मग कूलर डावीउजवीकडे हलके पिळत पिळत सोडवायचा. वहीत आहे." मी वही वाचलीच नव्हती.

मग तिनं माझा वाचायचा चष्मा मागितला, भिंग मागितलं आणि कंपासपेटीतून आपली ०.५ची पेन काढली. पेन म्हणजे शिसं घालायची पेन्सिल हो. शिसं काढून टाकलं, की टोकाला बारीक पोकळ नळी राहते. ती वाकलेल्या पिनेवर अलगद घालायची आणि केसभर उचलायची. एकदम सरळ करायला गेलं तर पिन मुळापासून तुटते. एक पिन, मग दुसरी. मध्येच एटीएमच्या जुन्या कार्डाची कड रांगांमधून फिरवून रांग सरळ आहे का बघायचं. मामीनं पंखा बंद केला, का ते मला कळलं नाही, पण कुणी लावाही म्हटलं नाही. कुकरची शिट्टी झाली तेव्हा भाची दचकली, म्हणून मामीनं गॅसही बंद केला. दोन तास आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. एकवीस पिना होत्या. मी मोजल्या, तेवढंच काम मला होतं.

शेवटी तिनं प्रोसेसर सॉकेटवर ठेवला. बसला नाही. पुन्हा उचलला, भिंगातून बघितलं, एक पिन शेजारणीकडे किंचित झुकलेली होती. ती उचलली. पुन्हा ठेवला. या वेळी तो आपल्या वजनानं टप्पकन् खाली गेला.

जुनी पेस्ट दोन्हीकडून पुसली. नवा तुरीचा दाणा. आणि स्क्रू? स्क्रू तिनंच पिळले. एक, मग त्याच्या समोरचा, दोन दोन वेढे, पुन्हा पहिला. मला तिनं मदरबोर्डच्या खालची पट्टी धरून ठेवायचं काम दिलं. बायोसमध्ये तापमान ४७ला जाऊन थांबलं. दुपारी विंडोज घातलं, सगळ्या मोठमोठ्या फाइली एकदम उघडून तासभर मशीन राबवलं, तेव्हा ७४च्या पुढे गेलं नाही.

गुरुवारी सकाळी दादरला मी तिला मांडवी एक्सप्रेसमध्ये बसवून दिलं. कॅबिनेट चादरीत गुंडाळून तिनं सीटवर शेजारी ठेवलं होतं आणि स्वतः कडेला अंग चोरून बसली होती. ताई चिपळूण स्टेशनवर रिक्षा घेऊन येणार होती. तुळशीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं. मी ताईला पिनांचं काही सांगितलं नव्हतं. भाचीनंही सांगितलं नाही, पण मामीनं सांगितलं.

पंधरा दिवसांनी टपालानं एक पाकीट आलं. आत त्या मशीनवर केलेली पहिली लग्नपत्रिका, आमच्या कुणाच्या ओळखीची नसलेल्या कुणाचीतरी. मागे भाचीच्या अक्षरात लिहिलं होतं: 'आज ६३. सिरिंजमध्ये साडेतीन ग्रॅम शिल्लक आहे. शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकांचा कॉम्प्युटर सारखा बंद पडतो, रविवारी उघडून बघणार आहे. मामीला सांग, पुसायला तिचंच फडकं वापरते.'